२०३८ लांब आहे. अडत दुकानाची तारीख १ एप्रिल २०२९

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचं अडत दुकान आणि भागीदारीत एक छोटं कोल्ड स्टोरेज. दुकानाचा हिशेब १९९८ च्या सुमारास फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत करून घेतलेल्या प्रोग्रामवर चालतो, कोल्ड स्टोरेजची आवक-जावक ओळखीच्या मुलानं पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत बनवलेल्या सॉफ्टवेअरवर. जोडीला वजनकाटा, बोट लावायचं हजेरी मशीन, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि पंधरा-वीस एक्सेल शीट. संगणकवाल्यानं सांगितलं की २०३८ ला ३२ बिटचं सगळं बंद पडणार, आत्ताच बदला. आणि एक लाख ऐंशी हजारांचं कोटेशन दिलं. हे खरं का, आणि तयारी काय करायची?

२०३८ चं गणित खरं आहे. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले एवढाच आकडा जवळ ठेवतात. हा आकडा ३२ बिटच्या, म्हणजे ३२ शून्य-एकांच्या, अधिक-उणे चालणाऱ्या खणात ठेवला, तर त्यात २,१४,७४,८३,६४७ च्या वर काही मावत नाही. आपल्या घड्याळाप्रमाणे मंगळवार १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो खण भरतो. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडते.

पण विंडोज स्वतःची तारीख अशी ठेवतच नाही. ती १६०१ सालापासून मोजते आणि ६४ बिटच्या खणात ठेवते, मग विंडोज ३२ बिटची असो की ६४ बिटची. त्यामुळं "बत्तीस बिटचा पीसी बंद पडणार" हे वाक्य चूक आहे. उलट, नवाकोरा ६४ बिटचा पीसी आणला आणि त्यावर जुनंच सॉफ्टवेअर चढवलं, तर दुखणं जसंच्या तसं नव्या डब्यात आलं. खण पीसीत नसतो, प्रोग्रामात आणि डेटाच्या फाइलीत असतो.

म्हणून मी प्रश्न जरा बदलून घेतो. दुकानात वर्ष कुठंकुठं दोन अंकांत लिहिलं जातं? कुठं सेकंदांत मोजलं जातं? आणि ती धोक्याची तारीख तुमच्या कामात पहिल्यांदा कधी येते? पहिले दोन प्रश्न संगणकवाल्याला सुचतात. तिसरा फक्त दुकानदार विचारू शकतो, आणि सगळी घाई तिथंच ठरते.

त्या काळच्या डॉसवर (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर) चालणाऱ्या फॉक्सप्रोमध्ये दोन अंकी वर्ष टाकलं की ते सरळ १९०० च्या शतकात जायचं. तरीही तुमचा प्रोग्राम २००० ओलांडून आजवर चालतोय, म्हणजे १९९९ च्या आसपास कुणीतरी त्यात हात घातला आहे. हे करायच्या वाटा दोनच होत्या. एक, सगळीकडे चार अंकी वर्ष करणं. यात प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक रिपोर्ट बदलावा लागे. दुसरी स्वस्तातली: एक सीमा ठरवून द्यायची. उदाहरणार्थ ३० ते ९९ आलं की १९३० ते १९९९ समजायचं, ०० ते २९ आलं की २००० ते २०२९. क्लिपर या फॉक्सप्रोच्याच जातीच्या भाषेत यासाठी 'सेट ईपॉक टू १९३०' एवढी एक ओळ पुरायची. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये 'सेट सेंच्युरी टू' या ओळीत पुढं 'रोलओव्हर' लिहून सीमा देता येते. बाकी पुष्कळांनी आपल्या हातानं "वर्ष तीसपेक्षा कमी असेल तर शंभर मिळव" असं लिहून टाकलं. १९३० ते २०२९ ही खिडकी तेव्हा सर्रास वापरली गेली, कारण विंडोज आणि एक्सेलची नेहमीची खिडकीही तीच होती. तीस वर्षं कोण बघतंय, असा तो हिशेब. ती तीस वर्षं आता संपत आली.

म्हणजे दुकानाचा धोका २०३८ च्या आठ वर्षं आधी, १ जानेवारी २०३० ला? तेही नाही. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. २०२९-३० चं वर्ष उघडताना प्रोग्राम स्वतःच सुरुवातीची तारीख ०१-०४-२९ आणि शेवटची ३१-०३-३० अशी बनवतो. शेवटची तारीख त्यानं दोन अंकांवरून बनवली असेल, तर ती ३१ मार्च १९३० होते. मग १ एप्रिल २०२९ ला पहिली पट्टी (शेतकऱ्याच्या मालविक्रीचा हिशेब) करायला बसलात की प्रोग्राम म्हणतो, तारीख आर्थिक वर्षाच्या बाहेर आहे. बरोबरच बोलतो बिचारा. २०२९ मध्ये सुरू होऊन १९३० ला संपणाऱ्या वर्षात कुठलीच तारीख बसत नाही. १ एप्रिल २०२९ ला रविवार आहे, म्हणजे हे सोमवारी सकाळी कळणार, ऐन हळदीच्या हंगामात.

ज्यांचे व्यवहार लांब मुदतीचे, त्यांची तारीख आणखी अलीकडे. पतसंस्थेत २०२५ मध्ये ठेवलेली पाच वर्षांची ठेव २०३० मध्येच पिकते. मिरजेतल्या औषधाच्या घाऊक दुकानदाराकडे ०६/३० छापलेली पाकिटं आजच्या मालातही निघू शकतात. त्याच्या सॉफ्टवेअरनं ती १९३० ची धरली तर माल मुदतबाह्य म्हणून बिलच होणार नाही. तुमच्याकडे अशी लांबची तारीख कुठं आहे ते बघा: ट्रकचा विमा, भाडेकरार, बँकेच्या कर्जाचे हप्ते. फॉक्सप्रोत फक्त कीर्द-खतावणी आणि पट्ट्या असतील तर २०२९ पर्यंत श्वास घ्यायला जागा आहे.

आता तपासणी. हीच खरी तयारी. बाकीचं तिच्या निकालावरून ठरतं.

चालू पीसीची तारीख पुढं करून कधीही तपासू नका. मोह होतो, कारण काम दोन मिनिटांचं वाटतं. पण तारीख २०३० केली की डिजिटल सहीचा टोकन मुदत संपली म्हणून नकार देतो, जीएसटीचं आणि बँकेचं संकेतस्थळ "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून अडतं, आणि काही सॉफ्टवेअरची लायसन्सं घड्याळ पुढं जाऊन मागं आलं की कुलूप घालून बसतात. सगळ्यात वाईट म्हणजे त्या दोन मिनिटांत ज्या फाइली लिहिल्या गेल्या त्यांच्यावर २०३० चा शिक्का बसतो. "नवीन असेल तेच कॉपी कर" अशा पद्धतीचा बॅकअप मग या फाइलींना पुढची काही वर्षं जुनं समजून सोडून देऊ शकतो. बॅकअप चालू दिसतो, आत मात्र काही जात नाही.

त्यासाठी अडगळीतला एखादा जुना पीसी काढा. फॉक्सप्रोचं अख्खं फोल्डर, प्रोग्राम आणि डेटा दोन्ही, पेनड्राइव्हवर घेऊन त्याच नावाच्या ड्राइव्हवर, त्याच नावाच्या फोल्डरात टाका. या जुन्या प्रोग्रामांत रस्ता बहुधा कायमचा लिहून ठेवलेला असतो. प्रोग्राम डॉसचा असेल तर त्या पीसीवर ३२ बिटची विंडोज हवी, कारण ६४ बिटच्या विंडोजवर सोळा बिटचे डॉस प्रोग्राम उघडतच नाहीत. आणि चालू करायच्या आधी नेटवर्कची केबल उपटून ठेवा, वायफाय बंद करा. कारण असं की प्रोग्राम इथं उघडला तरी त्यातला रस्ता सर्व्हरच्या झेड ड्राइव्हकडे जात असेल, तर तुमच्या चाचणीच्या पट्ट्या खऱ्या खात्यात पडतील. केबल काढल्यावर "फाइल सापडत नाही" असं आलं तर चांगलंच झालं: रस्ता कुठं जातो ते कळलं. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये "आपोआप वेळ घ्या" हेही बंद करा.

मग 'नवीन वर्ष' किंवा 'वर्ष बदल' जे काय तुमच्या मेन्यूत असेल ते एकेक वर्ष पुढं नेत २०२९-३० पर्यंत या. नोंदी नसल्या तरी चालतात, शिल्लक पुढं ओढली जाते की नाही एवढं बघा. २८-२९ मधून २९-३० मध्ये जाताना अडलं, तर तुमचं उत्तर तिथंच मिळालं. नाही अडलं तर ३१-१२-२९ ची एक पट्टी करा, ०१-०१-३० ची एक करा, आणि ०५-०१-३० ची एक वसुली टाका. मग उधारीचा रिपोर्ट, खातेउतारा आणि व्याजाचा तक्ता काढा. खातेउताऱ्यात जानेवारीच्या नोंदी एप्रिलच्या आधी, सगळ्यात वर जाऊन बसल्या असतील तर त्या १९३० मध्ये पडल्यात.

रिपोर्टवर वर्ष दोनच अंकांत छापलं जात असेल तर डोळ्यांनी काहीच कळणार नाही. ३० म्हणजे ३०. इथं एक साधी युक्ती आहे. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलीत, म्हणजे डेटाच्या फाइलीत, तारखेच्या रकान्यात आठ अंक साध्या अक्षरांत असतात: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. चाचणीच्या प्रतीतली पट्टीची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला कचऱ्यासारखी चिन्हं दिसतील, पुढं नावं आणि आकडे सलग. त्यात १९३००१०१ शोधा, मग २०३००१०१ शोधा. जे सापडेल ते उत्तर. सेव्ह करू नका. नोटपॅडनं सेव्ह केलेली डीबीएफ पुन्हा उघडेलच याचा नेम नाही. नोटपॅडची भीती वाटत असेल तर लिब्रेऑफिसचं कॅल्क डीबीएफ थेट उघडतं आणि तारीख चार अंकी करून बघता येते.

कोल्ड स्टोरेजच्या भाड्यावर हे कसं दिसतं ते आकड्यात सांगतो. बेदाण्याच्या पेट्या २०-१२-२०२९ ला आत गेल्या, ०५-०१-२०३० ला बाहेर आल्या. खरे दिवस १६. बाहेर जायची तारीख १९३० धरली गेली तर दिवस येतात उणे ३६,५०९. इथून पुढं प्रोग्राम लिहिणाऱ्यानं काय केलं होतं त्यावर. उणे आलं तर भाडं शून्य धर, असं लिहिलं असेल तर माल फुकट गेला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. उण्याचं अधिक कर, असं असेल तर ३६,५०९ दिवसांचं भाडं छापून येईल. हे दुसरं बरं. पावती बघताच माणूस ओरडतो. उधारीवरच्या व्याजाचंही तसंच: एक लाखाच्या बिलाची मुद्दत १५-०१-३० हातानं टाकली आणि ती १९३० झाली, तर अठरा टक्क्यांनी शंभर वर्षांचं साधं व्याज अठरा लाख होतं. मी घाबरतो तो गुपचूप शून्य होणाऱ्या भाड्याला.

एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बिल नंबरात किंवा लॉट नंबरात वर्षाचा एकच अंक वापरायची यार्डात जुनी सवय आहे: ९/०४१२ म्हणजे २०२९ मधला ४१२ वा. २०३० ला तो अंक शून्य होतो, आणि ०/०००१ हा नंबर २०२० मध्ये एकदा वापरून झालेला असतो. जुना डेटा त्याच फाइलीत असेल तर प्रोग्राम "नंबर आधीच आहे" म्हणतो किंवा, वाईट म्हणजे, जुन्या लॉटवर नवा लिहितो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक एका आर्थिक वर्षात वेगळा असला आणि सोळा अक्षरांत बसला म्हणजे झालं, त्यामुळं '२९३०/०४१२' असा नंबर सहज ठेवता येतो. हा बदल कुठल्याही १ एप्रिलला करा, खर्च शून्य.

चाचणीत फॉक्सप्रो नापास झाला तर पुढं काय, हे एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: मूळ प्रोग्रामच्या फाइली, ज्यांच्या नावाच्या शेवटी पीआरजी असतं, त्या कुणाकडे आहेत का. त्या असतील आणि त्या काळचं फॉक्सप्रो जाणणारा माणूस मिळाला, तर काम थोडं आहे. सीमा ३० वरून समजा ६० वर न्यायची, पुन्हा बांधणी करायची, आणि वरची सगळी चाचणी परत करायची. दिवसभराचं, फार तर दोन दिवसांचं काम. कुणी यासाठी नव्या सॉफ्टवेअरएवढे पैसे मागत असेल तर दुसरा माणूस बघा. मूळ फाइली नसतील, नुसती बांधलेली, थेट चालणारी ईएक्सई फाइल असेल, तर तिच्यामागं पैसे ओतू नका. काही स्क्रीनवर चार अंकी वर्ष टाकायला जागा असते. तिथं आजपासून चार अंकी टाकायची सवय लावा. पण आर्थिक वर्षाची शेवटची तारीख प्रोग्राम स्वतः बनवतो, तिथं ही सवय उपयोगाची नाही.

म्हणजे नवं सॉफ्टवेअर. जुना सगळा डेटा नव्यात आणायचा हट्ट करू नका. त्यातच महिने आणि पैसे जातात. ३१ मार्चच्या शिल्लका, उधारीची बिलं तारखेसह आणि खात्यांची यादी एवढं आणा. जुना प्रोग्राम फक्त बघण्यासाठी ठेवा आणि खातेउतारे, पट्ट्यांचं रजिस्टर पीडीएफमध्ये काढून ठेवा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. २०२८-२९ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२९ धरली तर ते हिशेब ३१ डिसेंबर २०३५ पर्यंत लागणार, आणि तोवर तो जुना पीसी जिवंत असेलच असं नाही.

आता विंडोज आणि एक्सेल. कुठल्याही रिकाम्या शीटमध्ये १/१/३० टाका आणि सेलचं स्वरूप चार अंकी वर्षाचं करा. १९३० आलं तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन', त्यात 'ॲडिशनल सेटिंग्ज', त्यात 'डेट' उघडा. दोन अंकी वर्ष कुठल्या शंभर वर्षांत धरायचं याचे दोन चौकोन तिथं आहेत. जुन्या पीसींवर दुसऱ्यात २०२९ दिसतं, अलीकडच्या विंडोजवर बहुधा २०४९. २०२९ असेल तर २०४९ करा, पहिला चौकोन आपोआप बदलतो. ही सेटिंग पीसीची नसून लॉगिनची आहे, तेव्हा प्रत्येक पीसीवर, प्रत्येक लॉगिनमध्ये जाऊन बघा. दिवाणजींच्या पीसीवर २०२९ आणि तुमच्या पीसीवर २०४९ राहिलं, तर तीच तारीख दोघांनी टाकली तरी एकाची १९३० होईल आणि दुसऱ्याची २०३०. व्हिज्युअल बेसिक ६ आणि ॲक्सेसवर बनलेली सॉफ्टवेअर, काट्याची बहुतेक अशीच असतात, हीच सेटिंग मानतात. म्हणून काट्याचा पीसी विसरू नका. फॉक्सप्रो आणि क्लिपर मात्र तिच्याकडे बघतीलच असं नाही, त्यांची सीमा प्रोग्रामच्या आत असते. सीमा खूप पुढंही नेऊ नका. २०६९ केलीत तर १९६५ च्या हमालाचा जन्म ६५ टाकल्यावर २०६५ होईल.

एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल) काढताना आणखी एक खड्डा आहे. सीएसव्हीत जे दिसतं तेच जातं. आत २०३० असलं तरी सेलवर ०५-०१-३० दिसत असेल तर फाइलीत ३० च जातं, आणि दुसऱ्या पीसीवर ते १९३० होऊन उघडतं. सीएसव्ही काढायच्या आधी तारखेचा रकाना चार अंकी करून घ्यायचा, एवढंच.

पीएचपीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र खरं २०३८ आहे. ते ज्यानं बनवलं त्या मुलाला बोलावून तीन गोष्टी विचारा. पहिली, मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये, तारखांचे रकाने 'टाइमस्टँप' आहेत का? या प्रकारात मुळात १९ जानेवारी २०३८ च्या पुढची तारीख राहत नाही. सेटिंगप्रमाणे चूक दाखवतो किंवा गुपचूप शून्य लिहितो. दिवसाशी मतलब असलेले रकाने, म्हणजे आवक, जावक, मुद्दत, 'डेट' करायचे. वेळही लागत असेल तिथं 'डेटटाइम'. बदल करताना एक काळजी. टाइमस्टँप आतून जागतिक वेळेत असतो आणि बदलताना त्या क्षणी जोडणीची जी वेळ असेल तीत लिहिला जातो. सर्व्हर परदेशातल्या होस्टिंगवर असेल तर आधी जोडणीची वेळ अधिक साडेपाच तास करून मगच रकाना बदलायचा, आणि पुढंही प्रोग्रामनं दर वेळी तीच वेळ लावायची. नाहीतर पहाटे साडेपाचच्या आधीच्या सगळ्या नोंदी आदल्या दिवशी जातात. बेदाण्याच्या गाड्या रात्री उतरतात, तेव्हा हे तुम्हाला लगेच भोवेल.

दुसरी, तारीख सेकंदांच्या आकड्यात 'इंट' रकान्यात ठेवली आहे का? 'इंट' म्हणजे ३२ बिटचा खण; असेल तर तो 'बिगइंट', म्हणजे ६४ बिटचा, करायचा. याच रकान्याचा भाऊबंद म्हणजे वर्ष-महिना-दिवस जोडून बनवलेला आकडा: १ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर अनेकांची ईमेलं अडकली, कारण २२०१०१०००१ हा आकडा त्याच ३२ बिटच्या खणात मावेना. तुमचा गेटपास नंबर असा बनत असेल तर तो अक्षरांच्या रकान्यात ठेवा.

तिसरी, पीएचपी कितवं आहे? विंडोजवर पीएचपी ५ कितीही ६४ बिटचं म्हटलं तरी त्यातले पूर्णांक ३२ बिटचेच असतात. पीएचपी ७ पासून, ६४ बिटचं घेतलं तर, हे सुटलं. तपासायला त्या मुलाला २०४० ची तारीख अक्षरांतून सेकंदांत आणि परत तारखेत करून दाखवायला सांगा. ०१-०१-१९७० आलं तर नापास. जाता जाता: रोजच्या रिपोर्टमध्ये मधूनच ०१-०१-१९७०, पहाटे ५.३० दिसत असेल तर ते २०३८ चं लक्षण नाही, तिथं तारीख रिकामी राहिली आहे.

यंत्रांचं लवकर आवरतो. काट्याचा इंडिकेटर वजन दाखवतो, त्याला तारखेशी देणंघेणं नाही. पावतीवरची तारीख बहुधा पीसीतून येते. इंडिकेटरमध्येच घड्याळ असेल तर वैधमापनचं सील तोडून आत हात घालू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून वार्षिक तपासणीच्या वेळीच बघून घ्या. हजेरी मशीनच्या मेन्यूत वर्ष पुढं नेत जा. २०३७ ला थांबलं तर आत सेकंदांचा खण आहे, २०२९ ला थांबलं तर काम जवळ आलं. ही चाचणी सुट्टीच्या दिवशी, आधीचा सगळा लॉग पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन करा. नाहीतर चाचणीचे ठसे पगारपत्रकात जातात. डीव्हीआरची तारीख हार्डडिस्क जोडलेली असताना पुढं करू नका. तो जागा संपली की जुनं पुसतो, आणि २०३० चा शिक्का बसलेले तुकडे त्याला सगळ्यात नवे वाटत राहतात. डिस्क काढून बघा, किंवा बघूच नका. २०३८ पर्यंत हा डीव्हीआर काही राहत नाही. ट्रकवरच्या ट्रॅकरचं स्वतंत्र प्रकरण आहे: जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीअंक दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, मागचा एप्रिल २०१९ मध्ये आला, पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये. नव्या ट्रॅकरची चिंता आज करायला नको.

आणि हे सगळं सोडून, दुकानात तारीख चुकण्याचं रोजचं कारण वेगळंच असतं: मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, त्याचा सालाशी संबंध नाही. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. लोडशेडिंगनंतर पीसी कुठल्यातरी जुन्या सालात उघडत असेल तर मल्टिमीटर लावा, ३ व्होल्टचा सेल २.८ च्या खाली असेल तर बदला. पन्नासच्या आसपास रुपयांत काम होतं.

त्या एक लाख ऐंशी हजारांकडे परत येऊ. त्यातला पीसींचा भाग २०३८ च्या नावानं घेऊ नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ज्या पीसीवर बँकेचं काम होतं तो बदलायला हे कारण पुरेसं आहे. तो एक बदला. हजेरी मशीन आणि डीव्हीआर कोटेशनमधून खोडा. सॉफ्टवेअरचा भाग चाचणीचा निकाल हातात आल्यावर. विकत घ्यायच्या आधी डेमोमध्ये तुमच्या समोर २०२९-३० चं वर्ष उघडून ०५-०१-३० ची पट्टी करून दाखवायला सांगा. आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून देण्याची सोय आहे हेही बघून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. स्थानिक माणसाकडून बनवून घेत असाल तर मूळ प्रोग्रामची प्रत पेनड्राइव्हवर ताब्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

वेळेचं म्हणाल तर चाचणी पावसाळ्यात करा, हळदीची आवक ओसरलेली असते आणि दिवाणजींना हात मोकळे असतात. फॉक्सप्रो नापास झाला तर नवं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२८ ला सुरू करा, २०२९ ला नव्हे. एप्रिल ते जून २०२८ दोन्हीकडे नोंदी करा आणि दर शनिवारी दोन्हीकडची रोख शिल्लक जुळवा. तीन महिने जुळली की जुन्या पीसीची नेटवर्क केबल काढायची, तो कोपऱ्यात ठेवायचा, आणि बघण्यापुरताच सुरू करायचा.